इटालियन क्रियापदं : अक्षर कुठे तुटतं, जोर कुठे पडतो

प्रश्न असा आला आहे : ‘पुढच्या वर्षी तोरिनोला शिकायला जायचंय. क्रियापदांची कोष्टकं पाठ आहेत, पण बोलायला लागलो की समोरचा “कोमे?” म्हणून पुन्हा विचारतो. “ते राहतात” म्हणजे आबितानो. यात जोर नेमका कुठे? वेदेरे (पाहणे) आणि लेज्जेरे (वाचणे) दोन्ही “एरे”वाली, तरी जोर वेगळ्या जागी का? आणि शब्द अक्षरांत तोडायचा काही नियम आहे का?’

तिन्ही प्रश्नांची गाठ एकच आहे. अक्षर कुठे तुटतं ते कळलं की जोर कळतो, आणि जोर कळला की ‘अनियमित’ म्हणून पाठ केलेली निम्मी रूपं आपोआप सुटतात. मी बावीस वर्षं पुण्यात इटालियन शिकवते आहे. ज्या मुलांना शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ मनापासून आवडलं होतं, त्यांना हा भाग लवकर जमतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुम्हाला लघु-गुरू येत असेल तर अर्धं काम झालेलं आहे.

खाली ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या स्वरापुढे मी ऽ लावते. तो फक्त जोर दाखवतो, लांबी नाही. त आणि द आपले दंत्यच ठेवा, इंग्रजी वळणाने ट-ड करू नका.

आधी तोडणं. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असलं तर ते पुढच्या स्वराकडे जातं : वे-दो (पाहतो), आ-बि-तो (राहतो). दोन व्यंजनं असली तर एक मागे, एक पुढे : पार्-लो (बोलतो), प्रेन्-दो (घेतो). द्वित्वही तसंच फुटतं : मेत्-तो (ठेवतो), लेग्-गो (वाचतो).

देवनागरीची सवय इथे डोळ्याला चकवते. ‘पत्ता’ लिहिताना आपण प आणि त्ता अशी मांडणी करतो, सगळं जोडाक्षर पुढच्याच्या पदरात टाकतो. वृत्त मोजताना मात्र त्याच प ला गुरू म्हणतो, कारण कानाला ‘पत्-ता’ असंच ऐकू येतं. इटालियन लिहिणारा कानाप्रमाणे तोडतो, एवढाच फरक.

अपवादसुद्धा आपल्या ओळखीचा निघतो. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांत जोडाक्षर आहे, पण त्याचा आघात मागे जात नाही, म्हणून तु आणि पु लघुच राहतात. इटालियनमध्ये हे र आणि ल यांच्या बाबतीत घडतं. प, ब, क, ग, फ यांना र किंवा ल जोडून आला, किंवा त-द ला र जोडून आला, की ती जोडी फुटत नाही : आ-प्रो (उघडतो), कोम्-प्रो (विकत घेतो). हे नुसतं ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यापुरतं नाही. चेलेब्रारे (साजरा करणे) याचं ‘मी’चं रूप चेऽ-ले-ब्रो होतं, जोर पहिल्यावर. ‘ब्र’ फुटला असता तर मधलं ‘लेब्’ गुरू झालं असतं आणि जोर तिथे गेला असता. पेनेत्रारे (आत शिरणे), पेऽ-ने-त्रो, हेही तसंच.

स चं प्रकरण थोडं वेगळं आहे. शाळेतला नियम सांगतो की स पुढच्या व्यंजनाबरोबर जातो : फि-नि-स्को (संपवतो), को-स्ता (किंमत पडते). लिहिताना तसंच तोडा, परीक्षेत तेच बरोबर. कान मात्र ‘कोस्-ता’ ऐकतो. त्यातला ओ आखूड आहे, बंद अक्षरात असतो तसा. उच्चारासाठी मी विद्यार्थ्यांना कानाचंच ऐकायला सांगते.

दोन स्वर शेजारी आले तर इ आणि उ कडे पाहायचं. त्यांच्यावर जोर नसेल तर ते शेजारच्या स्वरात मिसळतात : स्तुऽ-द्यो (अभ्यास करतो), ग्वाऽर्-दो (बघतो). जोर असेल तर वेगळे उभे राहतात : इन्-वीऽ-ओ (पाठवतो), स्पीऽ-ओ (हेरगिरी करतो). याचा परिणाम थेट रूपावर होतो. ‘तू’चं रूप करताना स्तुदियारेचं नुसतं ‘स्तुदि’, शेवटी एकच इ. इन्वियारेचं मात्र ‘इन्वीइ’, दोन इ लिहायच्या, कारण पहिलीवर जोर आहे आणि ती कोणात विरघळायला तयार नाही. मुलं हे शुद्धलेखनाचा छळ समजून पाठ करतात. ऐकून पाहिलं तर पाठ करावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. इटालियनमध्ये जोराचं अक्षर गुरू असावं लागतं. गुरू होण्याचे मार्ग दोनच : अक्षर व्यंजनाने बंद असेल तर ते गुरू आहेच (पाऽर्-लो), आणि उघडं असेल तर त्याचा स्वर लांबतो (वेऽ-दो, यात ‘वे’ खरोखर लांब म्हणा). शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर तो लिहून दाखवावा लागतो, पार्लोऽ (तो बोलला) असा. पण शेवटचा स्वर लांबत नाही. मग भार कुठून आणायचा? पुढच्या व्यंजनाला दुप्पट करून. म्हणून ‘दा’ (दे) आणि ‘मी’ (मला) मिळून ‘दामी’ होत नाही, ‘दाऽम्मि’ होतं. दीऽम्मि (मला सांग), फाऽम्मि (मला करू दे), दीऽल्लो (ते सांग) ही सगळी त्याच घरातली. पाऽर्-ला-मि (माझ्याशी बोल) यात म दुप्पट होत नाही, कारण जोर ‘पार्’वर आहे आणि ‘ला’ला भार नको आहे. कोष्टकात हे वेगवेगळ्या पानांवर येतं, म्हणून कुणाला नातं दिसत नाही.

(दारे आणि स्तारे, म्हणजे देणे आणि असणे-थांबणे, यांत आपले दा आणि स्था धातू ऐकू येतात. फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये तिथेच वारला; सहा, सात, आठ, नऊ आणि देव हे संस्कृत शब्द आपल्या बोलीसारखे आहेत असं त्याने पत्रांत लिहून ठेवलं होतं. हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण त्याने भीती जाते.)

वर्तमानकाळाकडे येऊ. सहा रूपांपैकी चार एका गटात, दोन दुसऱ्या गटात, हे घट्ट धरा. मी, तू, तो आणि ते या चारांत जोर धातूवर. आम्ही आणि तुम्ही या दोनांत प्रत्ययावर. पाऽर्लो, पाऽर्लि, पाऽर्ला, मग पार्ल्याऽमो, पार्लाऽते, आणि परत पाऽर्लानो. शेवटचं रूप सगळ्यांना नडतं. ‘पार्ल्याऽमो, पार्लाऽते’ म्हणता म्हणता जीभ त्याच लयीत ‘पार्लाऽनो’ म्हणून जाते. ते चूक. ‘आरे’वाल्या क्रियापदांत ‘ते’चं रूप ‘तो’च्या रूपाला ‘नो’ जोडून म्हणायचं आणि जोर जागचा हलू द्यायचा नाही : पाऽर्ला, पाऽर्ला-नो. आऽबिता, आऽबिता-नो. तेलेऽफोना, तेलेऽफोना-नो. मी कोष्टक शिकवतानाच क्रम बदलते, तिसऱ्या रूपानंतर लगेच सहावं घेते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच : आऽ-बि-ता-नो, जोर शेवटून चौथ्यावर. यामागे लॅटिन आहे. ‘ते गातात’ हे लॅटिनमध्ये ‘कान्तान्त’ असं दोन अक्षरी होतं. इटालियनने शेवटी एक स्वर वाढवून ‘कान्तानो’ केलं, पण जोर होता तिथेच राहिला. ज्या शब्दात जोर शेवटून तिसऱ्यावर असतो त्याला इटालियन लोक ‘स्द्रुच्चोला’ म्हणतात, घसरडा. चौथ्यावर असेल तर ‘बिस्द्रुच्चोला’. शेवटून दुसऱ्यावर असलेला ‘प्याना’, सपाट. शेवटच्यावर असलेला ‘त्रोंका’, छाटलेला. शब्द कसा घसरतो ते नावातच आहे : एकदा जोर दिला की उरलेली अक्षरं उतारावरून सोडून द्यायची, मध्ये कुठेही पाय रोवायचा नाही.

हे मला पेरुजात कळलं. तिथल्या परकीयांच्या विद्यापीठात शिकत असताना घरमालकिणीने विचारलं, तुझ्या त्या दोन मैत्रिणी कुठे राहतात? मी ‘आबिताऽनो’ म्हणाले, व्याकरण बिनचूक. ती ओल्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला, ओठ हलले, तिने तो शब्द मनात फिरवून पाहिला आणि मग एकदम म्हणाली, ‘आ! आऽबितानो!’ आणि सोललेल्या शेंगेचं टरफल तसंच हातात धरून तिने दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं : एक जड, तीन हलके. तिला माझा एकही स्वर किंवा व्यंजन खटकलं नव्हतं. जोर चुकला म्हणून तिच्या कानाला तो शब्दच पोचला नव्हता. तुम्हाला ‘कोमे?’ ऐकू येतं त्याचं कारण बहुतेक हेच असणार. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याकडे लक्षच देत नाही. इटालियन माणूस शब्द ओळखतोच त्यावरून. काऽपितो म्हणजे ‘मी सहज येऊन पडतो’, कापीऽतो म्हणजे ‘समजलं’, कापितोऽ म्हणजे ‘घडलं’. तिन्हींची अक्षरं तीच.

धातू मोठा असेल तर जोर त्यातल्या कुठल्या अक्षरावर? ‘मी’चं रूप घ्या आणि शेवटून दुसरं अक्षर तपासा. ते बंद असेल तर विचार करू नका, क्रियापदात जोर तिथेच : आस्-पेऽत्-तो (वाट पाहतो), रि-कोऽर्-दो (आठवतो), दि-वेऽन्-तो (होतो). ‘इद्झारे’ने संपणारी सगळी इथेच येतात, ओर्गानीऽद्झो (आयोजित करतो). ते उघडं असेल तर दोन्ही शक्यता आहेत. इम्पाऽरो (शिकतो), प्रेपाऽरो (तयार करतो), आर्रीऽवो (पोचतो) हे सपाट. आऽबितो, तेलेऽफोनो, देसीऽदेरो (इच्छितो), दिमेऽन्तिको (विसरतो), इम्माऽजिनो (कल्पना करतो) हे घसरडे. ‘इफिकारे’ने संपणारी सगळी घसरडी : मोदीऽफिको (बदलतो), वेरीऽफिको (तपासतो). बाकीच्यांसाठी इटालियन-इटालियन शब्दकोश उघडा. आबितारे या नोंदीशेजारीच कंसात ‘मी’चं रूप जोराच्या खुणेसह दिलेलं असतं. नवं क्रियापद वहीत लिहिताना मूळ रूप एकटं लिहू नका. आबितारे–आऽबितो अशी जोडी लिहा. ‘आरे’ आणि ‘इरे’च्या मूळ रूपांत जोर कायम प्रत्ययावर असतो, त्यामुळे नुसतं मूळ रूप तुम्हाला या बाबतीत काहीच सांगत नाही.

‘एरे’ची गोष्ट निराळी, आणि हा तुमचा दुसरा प्रश्न. लॅटिनचा जोराचा नियम शुद्ध लघु-गुरूचा होता : शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर एक घर मागे. ‘पाहणे’मध्ये तो ए दीर्घ होता, म्हणून विदेऽरे. ‘वाचणे’मध्ये ऱ्हस्व होता, म्हणून लेऽगेरे. पुढे स्वरांची ती लांबी भाषेतून गेली, जोर मात्र जागेवर राहिला. त्यामुळे आज वेदेऽरे आणि लेऽज्जेरे शेजारी ठेवले की कारण दिसत नाही. काही क्रियापदांनी मधल्या काळात घर बदललं : रीऽदेरे (हसणे) आणि रिस्पोऽन्देरे (उत्तर देणे) यांचा जोर मागे सरकला, सापेऽरे (माहीत असणे) आणि कादेऽरे (पडणे) यांचा पुढे. म्हणून लॅटिन येत असलं तरी यादी लागतेच. ती छोट्या बाजूने पाठ करा. प्रत्ययावर जोर असलेली रोजच्या वापरातली वीसएक आहेत : आवेऽरे, पोतेऽरे, दोवेऽरे, वोलेऽरे, सापेऽरे, वेदेऽरे, तेनेऽरे, सेदेऽरे, कादेऽरे, ताचेऽरे, प्याचेऽरे, वालेऽरे, पारेऽरे, तेमेऽरे, गोदेऽरे, रिमानेऽरे आणि अशीच थोडी. उरलेली सगळी लेऽज्जेरेसारखी : स्क्रीऽवेरे, प्रेऽन्देरे, वीऽवेरे, क्युऽदेरे.

इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे तोडणं, जोर आणि रूप एकत्र येतात. तेनेरे (धरणे) चालवून पाहा : तेऽङ्गो, त्येऽनि, त्येऽने, तेन्याऽमो, तेनेऽते, तेऽङ्गोनो. कुठे ‘ते’, कुठे ‘त्ये’. पुस्तक याला अनियमित म्हणून मोकळं होतं. पण अक्षरं तोडा. त्ये-नि : जोर आहे आणि अक्षर उघडं आहे, म्हणून जुना ऱ्हस्व ए ताणला जाऊन ‘इए’ झाला. तेन्-गो : जोर आहे, पण अक्षर बंद, ताणायला जागाच नाही, ए तसाच. ते-न्या-मो : अक्षर उघडं आहे, पण जोर पुढे गेला, ए तसाच. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच स्वर फुटतो. ओ चंही असंच, त्याचा ‘उओ’ होतो. मोरीऽरे (मरणे) : म्वोऽरे, तो मरतो, पण मोऽर्-तो, मेलेला, बंद अक्षर. क्वोऽचे, शिजवतो, पण कोऽत्-तो, शिजलेलं. म्वोऽवे, हलवतो, पण मोऽस्-सो, हललेलं. प्वोऽइ, तू शकतोस. पण पोऽस्-सो, मी शकतो. वर स बद्दल कानाचं ऐका म्हटलं, त्याचा पुरावाही इथेच मिळतो : इटालियनमध्ये ‘क्वोस्ता’ होत नाही, ‘कोस्ता’च राहतं, म्हणजे तो स अक्षर बंद करत होता.

चार-दोनची तीच विभागणी आणखी कुठे दिसते पाहा. फिनीरे (संपवणे) : फिनीऽस्को, फिनीऽशि, फिनीऽशे, फिनीऽस्कोनो या चारांत मध्ये ‘इस्क’ येतो, फिन्याऽमो, फिनीऽते या दोनांत नाही. उशीरे (बाहेर जाणे) : एऽस्को, एऽशि, एऽशे, एऽस्कोनो, पण उश्याऽमो, उशीऽते. आन्दारे (जाणे) : वाऽदो, वाऽइ, वा, वाऽन्नो, पण आन्द्याऽमो, आन्दाऽते. तीन क्रियापदं, तीन वेगळी कारणं, पण शिवण सगळीकडे एकाच जागी, जिथे जोर सरकतो तिथे. आजच्या भाषेत काही ठिकाणी ही शिवण बुजत चालली आहे. पूर्वी ‘आम्ही वाजवतो’चं ‘सोन्याऽमो’ करत. आता ‘स्वोन्याऽमो’ सर्रास चालतं आणि तेच म्हणा.

भविष्यकाळात उलटी बाजू दिसते : जोर नसलेल्या अक्षराचं काय होतं. भविष्यकाळ मूळ रूपाला ‘आवेरे’ची (जवळ असणे) वर्तमानरूपं चिकटून तयार झाला, म्हणून जोर शेवटी : पार्लेरोऽ, पार्लेराऽ. जोर पुढे गेला की आधीचं दुबळं अक्षर कधी कधी गिळलं जातं. वेदेरे-ओ चं वेद्रोऽ, आन्दारे-ओ चं आन्द्रोऽ. तेनेरेचं आधी ‘तेन्रो’, मग न आणि र एकरूप होऊन तेर्रोऽ; वेनीरेचं वेर्रोऽ; वोलेरेचं वोर्रोऽ. पोर्रे (ठेवणे) हे विचित्र दिसणारं मूळ रूपही असंच घडलं, लॅटिन ‘पोऽनेरे’ आक्रसून. म्हणून ‘मी ठेवत असे’ म्हणताना तो लपलेला न परत येतो : पोनेऽवो.

भूतकाळाच्या ‘पास्सातो रेमोतो’बद्दल एकच गोष्ट सांगते. स्क्रीऽस्सि, स्क्रीऽस्से, स्क्रीऽस्सेरो (मी, तो, ते यांनी लिहिलं) ही तीन रूपं बदललेली आहेत आणि तिन्हींत जोर धातूवर आहे. स्क्रिवेऽस्ति, स्क्रिवेऽम्मो, स्क्रिवेऽस्ते ही सरळ आहेत आणि त्यांत जोर प्रत्ययावर. एवढं डोक्यात ठेवलंत तर प्रेऽझि–प्रेन्देऽस्ति, लेऽस्सि–लेज्जेऽस्ति ही सगळी कुटुंबं एकाच साच्यात बसतात.

सरावाचं विचाराल तर रोज पाच क्रियापदं, टेबलावर बोटांनी. आधी ‘तो’, मग ‘ते’, मग ‘आम्ही’. आऽबिता, आऽबितानो, आबित्याऽमो. शेवटी सर्वनामं चिकटवून पाहा, जोर हलतो का ते तपासायला : तेलेऽफोना, तेलेऽफोनामि (मला फोन कर); पोऽर्ता, पोऽर्तामि, पोऽर्तामेलो (ते मला आणून दे). कितीही शेपट्या लागल्या तरी जोर जागचा हलता कामा नये. तोरिनोला गेल्यावर एक गोष्ट जाणवेल. शब्दाशब्दांमधलं द्वित्व, म्हणजे ‘आ काझा’ (घरी) चं ‘आक्काझा’, फ्लोरेन्स-रोमकडे स्पष्ट ऐकू येतं, उत्तरेत ते फारसं करत नाहीत. ते तुम्ही नाही केलंत तरी तिकडे कुणाला खटकणार नाही. ‘दाम्मि’, ‘दिम्मि’मधलं द्वित्व मात्र लेखनातच आहे, ते उत्तरेतही म्हणावंच लागतं. आणि ‘आऽबितानो’चा जोर तोरिनोपासून पालेर्मोपर्यंत एकाच जागी आहे, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच करा.